डिस्कला हात न लावता इन्स्टॉल केलेले सॉफ्टवेअर जाते कुठे?

19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरबरोबर आलेल्या एका सदोष फाइलमुळे जगभरातले विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकून पडले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार त्यांची संख्या सुमारे 85 लाख होती. कंपनीने सदोष फाइल दीड तासाच्या आत मागे घेतली, तरी दुरुस्तीला कित्येक दिवस लागले, कारण जे यंत्र सुरूच होत नाही त्याच्यापर्यंत नेटवर्कवरून दुरुस्ती पोहोचवता येत नाही. त्या आठवड्यात ‘विंडोजऐवजी लिनक्स ही प्रणाली असती तर हे घडलेच नसते’ असा सूर बराच लागला होता. तो भाबडा आहे. कर्नलचे, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याचे, अर्धवट राहिलेले अपडेट किंवा डिस्क माउंट करण्याच्या (वापरासाठी जोडण्याच्या) यादीतली एखादी चुकीची ओळ लिनक्स सर्व्हरलाही आडवा पाडू शकते. मात्र भाड्याने सर्व्हर देणाऱ्या बहुतेक कंपन्यांनी अशा वेळेसाठी एक सोय करून ठेवलेली असते, ती म्हणजे रेस्क्यू सिस्टीम.

जर्मनीतल्या हेट्झनर या कंपनीचे उदाहरण घेऊ. ग्राहकाने नियंत्रण-पानावरून रेस्क्यू चालू करून सर्व्हर रिस्टार्ट केला, की तो आपल्या डिस्कवरून बूट होत नाही. नेटवर्क कार्ड कंपनीच्या दुसऱ्या यंत्राकडून डेबियन या लिनक्सच्या एका प्रकारावर आधारलेली प्रणाली मागवून घेते आणि तिच्यावर सर्व्हर उभा राहतो. मग पुण्यात बसलेला प्रशासकही जर्मनीतल्या फाल्केनस्टाइनमधल्या यंत्रात एसएसएचने (दूरच्या यंत्रावर सुरक्षितपणे आज्ञा देण्याच्या सोयीने) शिरू शकतो. मूळ डिस्क शेजारी पडून असते, पण कोणी मुद्दाम माउंट केल्याशिवाय तिच्यावर एक अक्षरही लिहिले जात नाही.

अशा प्रणालीत नेहमीची हत्यारे तयार असतात, पण हवे ते नेमके नसते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. खराब होत चाललेल्या डिस्कमधून वाचता येईल तेवढे वाचून काढणारे डीडीरेस्क्यू हवे असते, किंवा एखाद्या वेगळ्या फाइल सिस्टीमची (डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धतीची) साधने हवी असतात. प्रशासक डेबियनमध्ये सॉफ्टवेअर उतरवून बसवणाऱ्या ‘एपीटी अपडेट’ आणि ‘एपीटी इन्स्टॉल’ या दोन नेहमीच्या आज्ञा देतो आणि काही सेकंदांत तो प्रोग्रॅम चालू लागतो. इथे मला नेहमी कुतूहल वाटते. डिस्कला तर हात लावलेला नाही. आणि अशा लाइव्ह प्रणालीचा पाया बहुधा स्क्वॉशएफएस या दाबून बांधलेल्या स्वरूपात असतो, ज्यावर मुळी लिहिताच येत नाही. मग नवा प्रोग्रॅम गेला कुठे?

याचे उत्तर ओव्हरलेएफएस या यंत्रणेत आहे. मिक्लोश सेरेदी यांनी लिहिलेली ही यंत्रणा 2014 च्या अखेरीस 3.18 या आवृत्तीपासून अधिकृत लिनक्स कर्नलमध्ये आली. छापील नकाशावर बटर पेपर ठेवून त्यावर पेन्सिलीने खुणा कराव्यात, तशी तिची रचना आहे: वरून पाहणाऱ्याला दोन्ही मिळून एकच चित्र दिसते, पण पेन्सिलीची रेघ नकाशाला कधीच लागत नाही. खालचा थर म्हणजे न बदलणारा स्क्वॉशएफएस, आणि वरचा थर म्हणजे टीएमपीएफएस, अर्थात रॅममध्येच राहणारी फाइल सिस्टीम. एखादी फाइल वाचायची झाल्यास कर्नल आधी वरच्या थरात पाहतो आणि तिथे नसेल तर खालची देतो. नवी फाइल थेट वर लिहिली जाते. खालच्या थरातल्या फाइलमध्ये मात्र एक अक्षर जरी बदलायचे असले, तरी आधी ती अख्खी फाइल वर उतरवून घेतली जाते आणि बदल त्या प्रतीत होतो.

पण खालची फाइल पुसायची असेल तर? खाली तर काहीच पुसता येत नाही. म्हणून ओव्हरलेएफएस वरच्या थरात त्याच नावाची एक खास खूण ठेवते, 0/0 या क्रमांकाची उपकरण-फाइल. ही खूण दिसताच कर्नल त्या नावाची फाइल नाहीच असे सांगतो, जरी ती खाली जशीच्या तशी असली तरी. यातून निघणारा परिणाम भल्याभल्यांना चकवतो. जागा कमी पडते म्हणून खालच्या थरातली नको असलेली पॅकेजेस (इन्स्टॉल करण्यासाठी बांधलेले प्रोग्रॅम) काढून टाकल्याने जागा सुटत नाही. उलट पुसल्याच्या खुणांची आणि पॅकेजांच्या नव्याने लिहिलेल्या नोंदवहीची भर रॅमवरच पडते. ही नोंदवही ज्या एका फाइलमध्ये असते ती, पॅकेज कितीही लहान असले तरी, पूर्ण नव्याने लिहिली जाते. याउलट ‘एपीटी क्लीन’ ही आज्ञा खरोखर उपयोगी पडते, कारण उतरवलेल्या पॅकेज-फाइली वरच्या थरात, म्हणजे रॅममध्येच, साठलेल्या असतात.

वेगळे काही सांगितले नसेल तर टीएमपीएफएसची कमाल मर्यादा एकूण रॅमच्या निम्मी असते. त्यामुळे डिस्क टेराबाइटची असली तरी 4 जीबी रॅमच्या सर्व्हरवर ‘जागा शिल्लक नाही’ हा संदेश येऊ शकतो. ही मर्यादा चालू प्रणालीतही वाढवता येते, पण अखेर ती रॅमच आहे. म्हणून फक्त हवे तेच पॅकेज घ्यावे, शिफारस केलेली जोडपॅकेजेस टाळावीत आणि सगळी प्रणाली अपग्रेड करण्याच्या फंदात पडू नये. ‘बंद करून पुन्हा चालू करा’ हा आपल्याकडे कोणत्याही यंत्रावर चालवला जाणारा तोडगा तर इथे नुकसानच करतो, कारण रिस्टार्ट होताच वरचा थर नाहीसा होतो आणि इन्स्टॉल केलेले सारे त्याबरोबर जाते.

सर्वांत अवघड प्रकरण झेडएफएस या फाइल सिस्टीमचे. डीडीरेस्क्यू हा साधा प्रोग्रॅम आहे, पण फाइल सिस्टीम कर्नलमध्ये चालते, आणि परवान्यांच्या विसंगतीमुळे झेडएफएस मूळ लिनक्स कर्नलमध्ये समाविष्ट नाही. डेबियनवर तिचे मॉड्यूल, म्हणजे कर्नलला जोडायचा भाग, डीकेएमएस ही यंत्रणा मूळ कोडपासून तिथल्या तिथे बांधते, आणि त्यासाठी चालू असलेल्या कर्नलच्या अगदी त्याच आवृत्तीच्या हेडर फाइली (बांधणीसाठी लागणारी कर्नलची माहिती) लागतात. रेस्क्यूतला कर्नल काही महिने जुना असेल, तर डेबियनच्या पॅकेज-भांडारात फक्त पुढच्या आवृत्तीचे हेडर सापडतात. नवा कर्नल इन्स्टॉल करून रिस्टार्ट करावे, तर पुन्हा नेटवर्कवरून तोच जुना कर्नल येणार. अशा वेळी ज्यात झेडएफएस आधीच बांधलेले आहे अशी दुसरी प्रतिमा (तयार प्रणालीची फाइल) बूट करणे हाच शहाणपणा.

इतर अडथळे किरकोळ असतात. यंत्राचे घड्याळ मागे असेल तर भांडाराची सही ‘अजून वैध नाही’ म्हणून नाकारली जाते. ते ‘डेट’ आज्ञेने सुधारावे. प्रतिमा फार जुनी असेल तर तिची पॅकेजेस डेबियनने मुख्य भांडारातून हलवून संग्रहात ठेवलेली असतात, आणि पत्ता बदलावा लागतो.

याहून वेगळी वाट म्हणजे सीएचरूट, अर्थात मूळ डिस्कलाच प्रणालीचे मूळ मानून तिच्या आत काम करणे. मूळ डिस्क माउंट करून, तिच्यात कर्नल आणि उपकरणांशी संपर्क देणाऱ्या डेव्ह, प्रॉक आणि सिस या तीन डिरेक्टरी जोडून सीएचरूट केले, की ‘एपीटी इन्स्टॉल’ रॅमच्या थरावर न लिहिता थेट डिस्कवर लिहिते आणि ते रिस्टार्टनंतरही टिकते. बिघडलेला बूटलोडर (कर्नल सुरू करून देणारा प्रोग्रॅम) किंवा अर्धवट राहिलेले कर्नल अपडेट दुरुस्त करण्याची जागा हीच. मात्र सीएचरूटमध्ये शिरल्यावरही चालू कर्नल रेस्क्यूचाच असतो. त्यामुळे तिथे डीकेएमएसला आवृत्ती स्पष्ट सांगितली नाही, तर तो मॉड्यूल निमूटपणे रेस्क्यूच्या कर्नलसाठी बांधायला निघू शकतो, आणि डिस्कवरच्या ज्या कर्नलला त्याची गरज आहे तो पुढच्या बूटलाही त्याच्याशिवायच उठतो.