हेरॉईनचा मृत्यू मॉर्फिनच्या रकान्यात कसा जातो?

अमेरिकेत २०२२ साली अमली पदार्थ आणि औषधांच्या अतिमात्रेने १,०७,९४१ माणसे दगावली. पदार्थवार आकड्यांची बेरीज केली तर ती यापेक्षा बरीच जास्त भरते आणि मग ‘आकडे फुगवले’ अशी ओरड होते. ती चुकीची आहे. मृत्यूच्या दाखल्यावर फेंटानिल (कृत्रिमरीत्या बनवलेले, अतितीव्र वेदनाशामक) आणि कोकेन दोन्ही असतील, तर तो मृत्यू दोन्ही रकान्यांत धरतात, एकूण संख्येत मात्र एकदाच.

खरी गोम दाखला लिहिण्याआधीच्या रसायनशास्त्रात आहे. हेरॉईन म्हणजे दोन ॲसिटिल गट चिकटवलेले मॉर्फिन. शरीरातली विकरे त्यातला एक गट काही मिनिटांत तोडतात, उरते ६-मोनोॲसिटिलमॉर्फिन. थोड्याच वेळात दुसराही गट तुटतो आणि राहते निव्वळ मॉर्फिन, जे डॉक्टर वेदनाशामक म्हणूनही देतात. माणूस काही तास तग धरून गेला, तर रक्त एवढेच सांगते. मग जो मृत्यू मृत्यूच्या कारणांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातल्या हेरॉईनच्या टी४०.१ या संकेतांकाखाली यायला हवा, तो टी४०.२ मध्ये, वेदनाशामकांच्या रांगेत, जाऊन बसतो.

म्हणून काळजीपूर्वक काम करणारे तज्ज्ञ लघवी आणि नेत्रगोलातला द्रवही तपासतात; तिथे ६-मोनोॲसिटिलमॉर्फिन जास्त वेळ टिकते. मॉर्फिनसोबत थोडेसे कोडीन दिसले तरी हेरॉईनचा संशय बळावतो, कारण अफूतले कोडीन बेकायदा हेरॉईनमध्ये ॲसिटिलकोडीन होऊन उतरलेले असते. रक्त घ्यायचे ते मांडीच्या शिरेतून. मृत्यूनंतर फुप्फुस, यकृतातून औषधे झिरपतात आणि हृदयातल्या रक्तात त्यांचे प्रमाण खोटे वाढते.

फेंटानिलची अडचण वेगळी. त्याची रचना मॉर्फिनसारखी नसल्याने अफूजन्य पदार्थांच्या नेहमीच्या प्राथमिक चाचणीत ते सापडत नाही. त्यासाठी वेगळी चाचणी, खात्रीसाठी मास स्पेक्ट्रोमेट्री (रेणूंच्या वस्तुमानावरून पदार्थ ओळखण्याची पद्धत) लागते. प्रयोगशाळेने शोधलेच नाही, तर दाखल्यावर येणार कुठून? आणि दाखल्यावर नुसते ‘अनेक औषधांची विषबाधा’ लिहिले, तर संकेतांक टी५०.९, म्हणजे ‘इतर वा अनिर्दिष्ट औषधे’. म्हणजे एकूण आकड्यात जमा, पण कोणत्याच पदार्थाच्या नावावर नाही.

या तपासण्यांना आठवडे, कधी महिने लागतात. तोवर दाखल्यावर ‘तपास प्रलंबित’. म्हणून तिथले राष्ट्रीय आरोग्य सांख्यिकी केंद्र तात्पुरते आकडे चार महिने थांबून देते, तेही सलग बारा महिन्यांची बेरीज करून, ‘नोंदलेले’ आणि ‘अंदाजित’ (अपुऱ्या नोंदींची भर धरून काढलेले) अशा दोन रूपांत. नोंदलेल्या आकड्यांत शेवटचे महिने अपुरे असतात. त्यावरून ‘मृत्यू घटले’ असा मथळा देणे ही निव्वळ उतावीळ आहे. तुलना अंदाजित आकड्याची अंदाजिताशीच करावी.