मिडियम वेव्ह आणि एफएम : गाडीतल्या रेडिओवर कुठे काय लावावे

गाडीतल्या रेडिओविषयी बोलणे निघाले की दोन विधाने हमखास कानावर येतात. 'एफएम म्हणजे गाणी आणि मिडियम वेव्ह म्हणजे आकाशवाणी' हे पहिले, आणि 'एफएम नीट लागते, मिडियम वेव्ह लागत नाही' हे दुसरे. पहिले विधान चुकीचे असले तरी त्यामुळे प्रवासात फारसे बिघडत नाही. दुसरे अर्धे खरे आहे, आणि अर्धे खरे असल्यामुळेच ते अधिक त्रासदायक ठरते. कारण त्याच्या भरवशावर लोक खोपोलीच्या पुढे रेडिओ बंद करतात, तो बिघडला असे समजून गाडी मेकॅनिककडे नेतात, छपरावर नवी अँटेना बसवून घेतात, आणि पुढच्या खेपेला त्याच वळणावर तीच खरखर पुन्हा ऐकतात.

पहिला गोंधळ लवकर निकालात काढता येतो. एफएम ही प्रक्षेपणाची एक पद्धत आहे. तिच्यावरून कार्यक्रम कोणाचा आणि कसला आहे हे ठरत नाही. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सुरू झालेली विविध भारती आज मुंबईत १०२.८ मेगाहर्ट्झवर, म्हणजे एफएमवरच ऐकू येते, आणि मुंबईची १०७.१ वरील एफएम रेनबो ही वाहिनीही आकाशवाणीचीच आहे. खाजगी केंद्रे भारतात २००१ पासून आली आणि ती फक्त एफएमवर आहेत, एवढाच त्या समजुतीमागचा आधार. या खाजगी केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही; फार तर आकाशवाणीचे बातमीपत्र जसेच्या तसे पुनःप्रक्षेपित करता येते. त्यामुळे गाडी चालवताना ज्याला बातम्या हव्या आहेत, त्याने खाजगी केंद्रांवरून फिरत राहण्यात अर्थ नाही. निवेदक बरे की आरजे बरे, या वादात मी येथे शिरत नाही, जरी माझे मत निवेदकांच्या बाजूने आहे आणि ते लपवण्याचे कारण मला दिसत नाही.

एफएम सर्वांच्या परिचयाची आहे, म्हणून तिच्याविषयी थोडक्यात. ८८ ते १०८ मेगाहर्ट्झचा पट्टा, सुमारे १५ किलोहर्ट्झपर्यंतचा ध्वनी, स्टिरिओची सोय, आणि शहरात असताना जवळजवळ निर्दोष आवाज. मिडियम वेव्हचा पट्टा ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झचा. आकाशवाणी मुंबईची अस्मिता वाहिनी ज्या ५५८ किलोहर्ट्झसाठी ओळखली जाते, किंवा पुणे केंद्र ज्या ७९२ साठी, ते आकडे या पट्ट्यातले आहेत. तिच्यावर आवाजाची वरची पट्टी कापली जाते, त्यामुळे बासरी आणि झांजा मंद वाटतात. माणसाचे बोलणे मात्र स्वच्छ समजते. रेडिओच्या पडद्यावर मिडियम वेव्हच्या जागी बहुधा 'एएम' असे लिहिलेले असते, त्याने बिचकण्याचे कारण नाही.

आता खऱ्या फरकाकडे येऊ. 'लागते' आणि 'लागत नाही' या दोन शब्दांत लोक दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतात: आवाज किती स्वच्छ आहे ही एक, आणि लहर किती दूर पोहोचते ही दुसरी. एफएम पहिल्या बाबतीत वरचढ आहे, मिडियम वेव्ह दुसऱ्या बाबतीत. स्थिर घरात हा भेद लक्षात आला नाही तरी चालते, कारण घर प्रक्षेपकापासून दूर सरकत नाही. ताशी ८० किलोमीटर वेगाने प्रक्षेपकापासून दूर जाणाऱ्या माणसाला मात्र या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्याच लागतात.

स्वच्छतेचे कारण असे. मिडियम वेव्हवर ध्वनी हा लहरीच्या कमीजास्त होणाऱ्या जोरातून वाहून नेला जातो. विजेचा कडकडाट, इंजिनातील ठिणगी, रस्त्यावरून जाणारी उच्च दाबाची तार, हे सारे लहरीच्या जोरातच ढवळाढवळ करतात, आणि रेडिओला ती ढवळाढवळ व मूळ ध्वनी यांत फरक करता येत नाही. एफएमवर ध्वनी लहरीच्या वारंवारतेतील चढउतारांत असतो. जोरातील फरक रेडिओ सरळ छाटून टाकतो. म्हणून पावसाळ्यात कसारा किंवा ताम्हिणी घाटात विजा चमकत असताना मिडियम वेव्ह कडकडते आणि एफएम, जर पोहोचत असेल, तर शांत राहते.

सगळा प्रश्न त्या 'जर'चा आहे. एफएमची लहर बव्हंशी टॉर्चच्या झोतासारखी सरळ जाते. डोंगराआड, किंवा पृथ्वीच्या गोलाईपलीकडे ती फारशी वळत नाही. शंभर मीटर उंचीच्या मनोऱ्यावरून सपाट प्रदेशात ती साधारण ४१ किलोमीटरवरील क्षितिजापर्यंत पोहोचते, आणि गाडीची अँटेना जमिनीपासून जेमतेम दीड मीटरवर असल्याने त्यात चारपाच किलोमीटरचीच भर पडते. मनोरा डोंगरावर असेल तर हे अंतर वाढते, समोर डोंगर असेल तर घटते. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग ९४.५ किलोमीटरचा आहे आणि त्याच्या मधोमध सह्याद्री उभा आहे. एवढे नुसते मनात धरले, तरी मुंबईचे केंद्र लोणावळ्यात का लागत नाही, हा प्रश्न विचारण्याची गरज उरत नाही.

मिडियम वेव्हची तरंगलांबी शेकडो मीटर असते. ७९२ किलोहर्ट्झवर ती सुमारे ३७९ मीटर भरते. एवढी लांब लहर जमिनीला धरून सरकते, टेकड्यांना वळसा घालते आणि मोठ्या प्रक्षेपकावरून दिवसाही शंभर किलोमीटरच्या पलीकडे ऐकू येते. तिचा आवाज कमी होत जातो, खरखर वाढत जाते, पण ती एकदम तुटत नाही.

माझ्या मते चालकाने लक्षात ठेवावा असा एकच भेद असेल तर तो येथे आहे: दोन्ही लहरी सोडून जातात, पण वेगवेगळ्या रीतीने. मिडियम वेव्ह हळूहळू विरते. एफएमवर एकाच वारंवारतेवरील दोन केंद्रे आली, तर रेडिओ त्यांतील बलवान केंद्र धरतो आणि दुबळे दाबून टाकतो. दोन्ही एकत्र ऐकू येत नाहीत. मुंबईत आणि पुण्यात रेडिओ मिर्ची ९८.३ वर आहे, रेडिओ सिटी दोन्हीकडे ९१.१ वर. आकडा तोच, नाव तेच, पण प्रक्षेपक वेगळे आणि कार्यक्रमही वेगळे. या आकड्यांवर रेडिओ ठेवून घाट चढणाऱ्याला एका वळणावर ठाण्यातील फ्लॅटची जाहिरात आणि पुढच्या वळणावर कोथरूडमधील दुकानाची जाहिरात ऐकू येते, त्याच्या पुढच्या वळणावर पुन्हा ठाणे येते, आणि मग तो रेडिओ 'आपोआप स्टेशन बदलतो' अशी तक्रार करतो. रेडिओ काहीही बदलत नसतो. ज्या बाजूचा डोंगर आड येतो त्या बाजूचे केंद्र हरते, इतकेच. अशा पट्ट्यात ऑटो-स्कॅनचे बटण दाबत राहणे ही माझी सर्वांत नावडती सवय आहे. स्कॅन करताना रेडिओ त्या क्षणी जे केंद्र बलवान असेल तेथे थांबतो, आणि गाडी दोनशे मीटर पुढे जाताच ते केंद्र बलवान राहिलेले नसते. चालकाची नजर मात्र एवढ्यासाठी चारदा रस्त्यावरून हटलेली असते.

शहरातही एफएमची एक लहर फसवते. तिची तरंगलांबी तीन मीटरच्या आसपास आहे. इमारतींवर आपटून परतलेली लहर आणि सरळ आलेली लहर एकमेकींना दर दीडेक मीटरवर छेदत राहतात. सिग्नलला गाडी उभी असताना केंद्र खरखरू लागले आणि गाडी दोनतीन हात पुढे सरकताच स्वच्छ झाले, हा अनुभव बहुतेकांना असतो. त्यासाठी केंद्र बदलू नये. मिडियम वेव्हला हा दोष जाणवण्याइतका होत नाही, कारण तिच्या मानाने गाडी फारच लहान आहे.

बोगद्यात मात्र पारडे फिरते. मिडियम वेव्हची लांब लहर बोगद्याच्या तोंडाशीच मरते, आणि उड्डाणपुलाखालीसुद्धा दबते. एफएमची आखूड लहर द्रुतगती मार्गावरील भाताण किंवा माडपच्या बोगद्यात काही अंतर आत शिरते आणि मग सुटते. बोगद्याबाहेर पडताच दोन्ही परत येतात, त्यामुळे याला मी फार महत्त्व देत नाही.

रात्रीचा विषय वेगळा काढावा लागतो, कारण सूर्यास्तानंतर मिडियम वेव्हचा स्वभाव बदलतो. दिवसा वातावरणाचा एक वरचा थर तिला शोषून घेतो. रात्री तो थर नाहीसा होतो आणि त्याहून वर असलेला थर तिला परत जमिनीकडे पाठवतो. शेकडो किलोमीटर दूरची केंद्रे त्यामुळे ऐकू येतात. १९८८ साली आकाशवाणीने रात्रभर चालणारी राष्ट्रीय वाहिनी सुरू केली, तेव्हा नागपूरचा १००० किलोवॅटचा, १५६६ किलोहर्ट्झवरील मिडियम वेव्ह प्रक्षेपक यासाठीच वापरला: देशाच्या मध्यावरून रात्री लहर सगळीकडे पोहोचते. ती वाहिनी आता बंद आहे, पण लहरींचे वागणे बदललेले नाही. या गुणाची दुसरी बाजू अशी की दूरचे केंद्र जवळच्या केंद्रावर येऊन बसते, दोन निवेदक एकाच वेळी बोलू लागतात, आणि दिवसा छान लागणारे केंद्र रात्री नकोसे होते. 'रात्री मिडियम वेव्ह चांगली' आणि 'रात्री मिडियम वेव्ह खराब' ही दोन्ही मते त्यामुळे खरी ठरतात. बोलणारा केंद्राच्या जवळ राहतो की दूर, एवढाच फरक असतो.

मेकॅनिककडे जाण्यापूर्वी एक गोष्ट जरूर करावी. मिडियम वेव्हवर सतत गुणगुण किंवा शिट्टी येत असेल, तर गाडीच्या सॉकेटमधील मोबाइलचा चार्जर आणि डॅशकॅमची वायर काढून पाहावी. स्वस्त चार्जरमधील विजेची उघडझाप नेमकी याच पट्ट्यात गोंगाट करते, आणि पुष्कळदा 'बिघडलेला' रेडिओ तेवढ्याने दुरुस्त होतो. छपरावर चिकटवायच्या दिखाऊ अँटेना आणि 'बूस्टर' या नावाने विकल्या जाणाऱ्या वस्तू मला पटत नाहीत. डोंगराआड राहिलेली लहर कोणताही बूस्टर आणून देत नाही, आणि गोंगाट असेल तर तो गोंगाटही वाढवतो.

मग काय लावावे? शहरात आणि शहराच्या वेशीपर्यंत गाणी ऐकायची असतील तर एफएम, याबद्दल दुमत नाही. घाटात आणि दोन शहरांमधल्या मोकळ्या पट्ट्यात बोलके कार्यक्रम, बातम्या, मुलाखती किंवा श्रुतिका मिडियम वेव्हवर ऐकाव्यात, कारण खरखरीतूनही बोलणे समजते आणि गाणे मात्र समजूनही सुखावत नाही. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर, जो बहुतेक शहरे बाजूला ठेवून जातो, एफएमचे लांबच लांब रिकामे पट्टे लागतात. तेथे नागपूर केंद्राचे ५८५ किलोहर्ट्झ आधीच साठवून ठेवलेले बरे. साठवण्याचा क्रमही प्रवासाच्या क्रमाने असावा, आवडीच्या क्रमाने नव्हे: मुंबई, मग पुणे, मग सातारा, म्हणजे पुढचे बटण न पाहता दाबता येते. हे काम गाडी उभी असताना करावे, हे सांगावे लागू नये, पण लागते.

विजेवर चालणाऱ्या गाड्यांनी या हिशेबात नवी अडचण आणली आहे. मोटार आणि तिला बॅटरीची वीज बदलून पुरवणारा इन्व्हर्टर मिडियम वेव्हच्या पट्ट्यात इतका गोंगाट करतात, की काही उत्पादकांनी अशा गाड्यांतून एएम रेडिओच काढून टाकला. इकडे आकाशवाणीही काही ठिकाणचे मिडियम वेव्ह प्रक्षेपण आवरते घेत आहे. मोबाइलवरून तीच वाहिनी ऐकता येते, हे उत्तर मला अपुरे वाटते, कारण ज्या वळणावर एफएम सुटते त्याच वळणावर बहुधा मोबाइलचे जाळेही सुटते. नवी गाडी पाहायला जाणाऱ्याने म्हणूनच विक्रेत्याला पडद्याच्या आकाराबरोबर 'एएम आहे का' हेही विचारावे, आणि 'हो' म्हटल्यावर गाडी चालू करून, मोटार फिरत असताना, दुकानाबाहेर ते ऐकून पाहावे.