उतारवयातील कुत्र्या-मांजरांची काळजी

आमच्या दवाखान्यात वयस्क प्राणी घेऊन येणारे अनेक पालक सांगतात, "आता वय झाले आहे, म्हणून मंदावला असेल." या समजुतीपायी उपचारांना उशीर होतो, याची आम्हाला मनापासून खंत वाटते. जिना टाळणे, वारंवार पाणी पिणे किंवा रात्री ओरडत फिरणे यांमागे बहुतेक वेळा एखादा ठरावीक आजार असतो आणि तो पुष्कळदा औषधाने व आहाराने आटोक्यात ठेवता येतो.

खूप मोठ्या चणीची कुत्री 6-7 वर्षांतच उतारवयाकडे झुकतात; लहान चणीची कुत्री आणि मांजरे साधारण दहाव्या वर्षानंतर. तेव्हापासून दर 6 महिन्यांनी तपासणी करून घ्यावी.

या वयात सर्वाधिक दुर्लक्ष होते ते सांधेदुखीकडे, त्यातही मांजरांच्या. सांधे दुखणारे मांजर सहसा लंगडत नाही की कण्हत नाही. पूर्वी एका उडीत खिडकीवर जाणारे मांजर आता खाली बसून वर पाहत राहते आणि आधी खुर्चीवर, मग खिडकीवर असे टप्प्याटप्प्याने चढते. अंग वळवून चाटणे जमत नसल्याने शेपटीजवळच्या केसांच्या गाठी होतात, तर नखे झिजत नसल्याने जाड होऊन तळव्यात रुतू लागतात. कुत्र्याचे मागचे पाय गुळगुळीत फरशीवर घसरतात आणि उठताना त्याला वेळ लागतो. अशा प्राण्यांसाठी वावरण्याच्या वाटेवर न घसरणारी चटई अंथरावी, झोपण्यास जाड गादी द्यावी आणि मांजराच्या शौचपेटीची एक कड ठेंगणी ठेवावी. वजन जास्त असल्यास ते हळूहळू उतरवणे हा सांध्यांवरील भार कमी करण्याचा खात्रीचा मार्ग आहे.

वेदना कमी व्हावी म्हणून घरातील माणसांची गोळी मात्र कृपया कधीही देऊ नये. पॅरासिटामॉलची एक गोळीदेखील मांजराच्या जिवावर बेतू शकते आणि आयब्युप्रोफेनमुळे कुत्र्याच्या जठरात व्रण होऊन मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

मूत्रपिंडाचा जुनाट आजार म्हाताऱ्या मांजरांमध्ये फार आढळतो. रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडे लघवीवाटे बाहेर टाकतात तो टाकाऊ पदार्थ) वाढलेले दिसेपर्यंत मूत्रपिंडांची सुमारे तीन-चतुर्थांश कार्यक्षमता गेलेली असू शकते, म्हणून आम्ही रक्तासोबत लघवीची तपासणी आणि रक्तदाब मोजणे यांचाही आग्रह धरतो. घरी आपण पाण्याच्या भांड्यावर आणि वजनावर लक्ष ठेवावे. 4 किलोच्या मांजराचे 400 ग्रॅम घटणे म्हणजे दहा टक्के घट होय, पण ती नजरेला जाणवत नाही. त्यामुळे महिन्यातून एकदा वजन करून लिहून ठेवावे. भरपूर खाऊनही मांजर रोडावत असेल, तर थायरॉइड किंवा मधुमेहाची शंका घ्यावी लागते. याउलट, मांजराने दिवसभर अन्नाला तोंड लावले नाही तर वाट पाहू नये, कारण उपासाने त्याच्या यकृतात चरबी साचू लागते.

डोळ्यांत येणारी निळसर झाक बहुधा वयोमानाची असते व तिने दृष्टी फारशी कमी होत नाही. ती मोतीबिंदू आहे की नाही, हे तपासणीतच कळते. तोंडाची दुर्गंधी मात्र वयाची नसून बहुतेकदा किडलेल्या हिरड्या-दातांची असते. गाढ झोपेत असताना श्वास मोजावेत. ते मिनिटाला सातत्याने 30 हून अधिक भरत असतील, तर हृदय व फुप्फुसांची तपासणी आवश्यक ठरते.

भेटीला येताना आपल्या प्राण्याचे घरी चालतानाचे, उठतानाचे किंवा उडी मारतानाचे छोटे चित्रण मोबाइलवर आणावे, कारण दवाखान्याच्या टेबलावर भीतीने ताठरलेला प्राणी आपले दुखणे दाखवत नाही. सोबत वजनाची नोंदवही आणि चालू असलेली सर्व औषधे आणावीत. प्राण्याला धाप लागली, तो अचानक आंधळ्यासारखा धडपडू लागला किंवा त्याची लघवी अडली, तर ठरलेल्या वेळेची वाट न पाहता त्याला तत्काळ घेऊन यावे.