डिझेल इंजिनाचा ठोका: आगीचा की धातूचा?

सातारा-कोल्हापूर भागात वडाप (प्रवासी गोळा करून नेणारी खासगी गाडी) म्हणून धावणाऱ्या एखाद्या जुन्या जीपचे इंजिन वाजू लागले की दोन टोकांची मते ऐकू येतात. एक म्हणते, ‘डिझेल गाडी आहे, वाजणारच’. दुसरे म्हणते, ‘इंजिन गेले, उतरवावे लागेल’. आवाज नेमका कशाचा, हा प्रश्न दोघांनीही विचारलेला नसतो. ठोका ज्वलनातून येतो किंवा झिजलेल्या धातूच्या सांध्यातून. पहिला बहुधा नोझल (डिझेल फवारणारे तोंड) किंवा टायमिंग (फवारण्याची वेळ) दुरुस्त केल्यावर जातो, दुसऱ्यासाठी अनेकदा इंजिन उघडावे लागते, आणि कानाला मात्र दोन्ही फसवण्याइतके सारखे वाटतात.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. जुन्या जीपच्या इंजिनात पिस्टन हवेला मूळ आकारमानाच्या सुमारे विसाव्या हिश्श्यात दाबतो. त्यामुळे ती ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापते आणि तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. पण ते फवारताक्षणी पेटत नाही, आणि खरी मेख इथेच आहे. थेंबांची वाफ व्हायला, ती हवेत मिसळायला आणि ज्वलनापूर्वीच्या रासायनिक अभिक्रिया पुऱ्या व्हायला साधारण एक मिलिसेकंद लागतो. याला प्रज्वलन-विलंब म्हणतात. इंजिन मिनिटाला ७५० फेरे घेत असेल तर तेवढ्या वेळात क्रँक (पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणारा दांडा) साडेचार अंश फिरतो, आणि नोझल मात्र फवारतच असते. विलंब संपला की तोवर तयार झालेले मिश्रण एकदम भडकते. सिलिंडरमधला दाब किती चढला यापेक्षा तो किती झपाट्याने चढला याला इथे महत्त्व आहे, कारण संथपणे वाढणारा दाब ब्लॉकला नुसता ताण देतो, तर झटक्याने वाढणारा दाब त्याला टोल दिलेल्या घंटेसारखा थरथरवतो. सेकंदाच्या हजाराव्या भागात घडलेली ही रासायनिक घटना आपल्याला उघड्या कानांनी ऐकू येते, याचे मला आजही अप्रूप वाटते.

विलंब लांबला की साठलेले मिश्रण वाढते आणि ठोकाही वाढतो. थंडीच्या सकाळी हवा पुरेशी तापत नाही म्हणून तो लांबतो. डिझेल पुरवणाऱ्या पंपाचे टायमिंग वेळेआधी आले असेल तर हवा पुरती दाबली जाण्याआधीच फवारा येतो म्हणून लांबतो. नोझल नीट फवारा न करता थेंब गाळत असेल तर ज्वलन असमान होते आणि त्या एकाच सिलिंडरचा ठोका वेगळा उठून ऐकू येतो. डिझेलची पेट घेण्याची तत्परता सीटेन अंकाने मोजतात आणि भारतात तो किमान ५१ असावा लागतो. पेट्रोलचा ऑक्टेन अंक नेमका उलटा गुण सांगतो, आपोआप न पेटण्याचा. म्हणूनच डिझेलमध्ये पेट्रोल मिसळले की ठोका वाढतो.

जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनावर जाणकार मिस्त्री एक सुरेख प्रयोग करतात. इंजिन चालू ठेवून ते एकेका नोझलच्या पाइपचा नट थोडा ढिला करतात; त्या सिलिंडरला डिझेल मिळत नाही आणि तेथील ज्वलन थांबते. आवाज तसाच राहिला तर दोष टॅपेटसारख्या (झडपा उघडणाऱ्या), ज्वलनाशी संबंध नसलेल्या भागात असण्याचा संभव अधिक. आवाज दबला तर दोन शक्यता उरतात, कारण ज्वलनाचा भार नाहीसा झाल्यावर पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचे झिजलेले बेरिंगही शांत होते. अशा वेळी ते नोझल शेजारच्या सिलिंडरला लावून पाहावे: ठोका नोझलबरोबर सरकला तर दोष नोझलचा, जागेवरच राहिला तर त्या सिलिंडरचा. कॉमन रेल इंजिनावर (ज्यात सर्व नोझलना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल मिळते) मात्र हा नट कदापि सोडू नये. तेथील दाब हजार बारच्याही, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे हजारपटीच्या, वर जातो आणि ती धार कातडी भेदून आत शिरते.

तापमानही बरेच सांगते. ॲल्युमिनियमचा पिस्टन लोखंडी सिलिंडरच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावतो, त्यामुळे सैल पिस्टनची खडखड इंजिन तापल्यावर कमी होते. बेरिंगचे उलट असते: ऑइल तापून पातळ झाले की त्याचा थर धातूंना दूर ठेवू शकत नाही आणि खालून येणारा जड ठोका वाढतो.

बोनेटला लिंबू-मिरची बांधून किंवा ‘इंजिन नवे करणारी’ बाटली ओतून झिजलेला धातू परत येत नाही. जाड ऑइल घालून तो ठोका काही दिवस दाबता येतो, आणि जुनी गाडी विकताना असे केलेही जाते; म्हणून घेणाऱ्याने इंजिन पुरते तापवूनच आवाज ऐकावा. तापल्यावर ठोका वाढत असेल आणि ऑइलच्या दाबाचा दिवाही लागत असेल, तर गाडी तिथेच बंद करून ओढत न्यावी, कारण बेरिंगच्या पाट्या बदलता येतात, पण एकदा खरवडलेला क्रँक घासून घ्यावा लागतो किंवा नवाच घ्यावा लागतो.