शेवग्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवू नका

रंकाळ्याच्या काठावर सकाळी फिरणाऱ्यांत गुडघेदुखीच्या खालोखाल चर्चा असते ती शेवग्याच्या पावडरीची. शुगर असलेल्या माणसाला कुणी ना कुणी सांगतंच, "एक चमचा उपाशीपोटी घ्या, बघा गोळी सुटते का नाही." एखादी गोष्ट 'जगात भारी' ठरवायला आपल्या कोल्हापुरात वेळ लागत नाही. शेवगा तर परसातला, ओळखीचा. त्यामुळे विश्वास पटकन बसतो.

हा विश्वास अगदीच हवेतला नाही. आपल्या लहान आतड्याच्या अस्तरावर अल्फा-ग्लुकोसायडेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं. भाकरी-भातातल्या पिष्टाचे (स्टार्चचे) बारीक झालेले तुकडे शेवटी हे विकर तोडतं, त्यातून ग्लुकोज सुटतं आणि मग ते रक्तात शिरतं. शेवग्याच्या पाल्याचा अर्क प्रयोगशाळेत या विकराचं काम मंदावतो. पाल्यातली क्वेर्सेटिन आणि क्लोरोजेनिक आम्ल ही द्रव्यं त्यामागे असावीत असं मानलं जातं. डॉक्टर देतात त्या अकार्बोज किंवा व्होग्लिबोजच्या गोळ्याही नेमक्या याच ठिकाणी काम करतात. शिवाय औषध टोचून मधुमेह घडवलेल्या उंदरांना हा अर्क दिला, तेव्हा त्यांची साखर उतरल्याचे बरेच प्रयोग झाले आहेत.

पण उंदराची साखर उतरवणाऱ्या वनस्पतींची यादी फार मोठी आहे. माणसात काय होतं, ते महत्त्वाचं.

अल्जीरियातल्या सहारावी निर्वासितांच्या छावण्यांमध्ये झालेला एक अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. मधुमेह असलेल्या 17 आणि नसलेल्या 10 जणांना नेहमीच्या जेवणात 20 ग्रॅम पावडर मिसळून दिली. मधुमेहींमध्ये जेवणानंतरची साखर कमी चढली. मात्र एवढी पावडर घातलेलं जेवण खाणाऱ्यांना आवडलं नाही, आणि त्यात नवल नाही, 20 ग्रॅम म्हणजे पोह्याच्या चमच्याने कितीतरी चमचे होतात. थायलंडमध्ये नुकताच मधुमेह निघालेल्या आणि अजून औषध सुरू न झालेल्या 32 जणांवर चाचणी झाली. निम्म्यांना रोज 8 ग्रॅम पाला कॅप्सूलमधून, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पण पाला नसलेल्या कॅप्सूल. चार आठवड्यांनी साखरेत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. स्पेनमध्ये मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांना 12 आठवडे रोज 2.4 ग्रॅम पावडर दिली. तिथे उपाशीपोटीची साखर आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारं एचबीए1सी, दोन्हींत पावडर घेणारा गट उजवा ठरला.

म्हणजे निकाल तळ्यात-मळ्यात. शिवाय चाचण्या छोट्या आणि थोड्या काळाच्या. रोज चालणं, वजन उतरवणं आणि मेटफॉर्मिन ही मधुमेहाची नेहमीची गोळी यांच्यामागे हजारो माणसांवर वर्षानुवर्षं केलेल्या अभ्यासांचा पुरावा आहे. पावडर त्या रांगेत बसत नाही. गोळी सोडायचा सल्ला देणाऱ्याला एवढं विचारावं, की सोडल्यानंतर तीन महिन्यांनी एचबीए1सी तपासलं का?

दुसरा दावा कॅल्शियमचा: शेवग्यात दुधाच्या 17 पट. हा आकडा 100 ग्रॅम कोरडी पावडर आणि 100 ग्रॅम पातळ दूध समोरासमोर ठेवून काढलेला आहे. पावडरीतलं पाणी काढून टाकलंय, दुधातलं नाही. पाच ग्रॅमच्या चमच्यात जेमतेम 100 मिलिग्रॅम कॅल्शियम येतं. गंगावेशीत उभ्या उभ्या प्यायलेल्या पेलाभर धारोष्ण दुधात त्याच्या दुपटीहून जास्त मिळतं.

हाच हिशेब उलटा केला तर मात्र शेवग्याच्या बाजूने जातो. ताज्या पाल्यात पाऊण हिस्सा किंवा त्याहून जास्त पाणी असतं. थायलंडमधली ती 8 ग्रॅम पावडर म्हणजे साधारण 40 ग्रॅम ओला पाला. एवढा तर भाजीतून एका जेवणात सहज पोटात जातो. मग महागडी बरणी कशाला? शेजारच्या बंगल्यातल्या झाडाची फांदी छाटली की पाला फुकट मिळतो. निवडायचा कंटाळा येत असेल तर डहाळ्या रात्रभर फडक्यात गुंडाळून ठेवा. सकाळी झटकल्या की बारीक पानं आपोआप गळतात. भिजवलेली मूगडाळ, लसूण, हिरवी मिरची घालून परतायची. कोवळा पाला घ्या, जून झाला की कडवटपणा येतो. घाटाखाली मालवणकडे गोकुळाष्टमीला ही भाजी हौसेने करतात, आपल्याकडे शेंगा खाऊन पाला शेळीला घालतात. प्रथिनं, तंतू, लोह आणि अ जीवनसत्त्वाचं पूर्वरूप असलेलं बीटा-कॅरोटीन, सगळं शेळीच्या वाट्याला!

आणि या भाजीचा खरा फायदा कदाचित ती ताटात कुणाची जागा घेते यात असेल. दोन भाकरींच्या जागी एक भाकरी आणि वाटीभर भाजी खाल्ली तर साखर कमी चढणारच, श्रेय शेवग्याला द्या नाहीतर कमी झालेल्या भाकरीला. मिसळीबरोबर चार पाव खाऊन वर पावडरीचं पाणी प्यायल्याने जमाखर्च जुळत नाही. गुळाचंही तेच. आपल्या गुळाला भौगोलिक मानांकन आहे, चवीला तोड नाही, पण त्यात बहुतेक सगळी साखरच असते. शेवग्याची पावडर गुळाच्या चहात घालून पिणारी माणसं मी पाहिली आहेत.

शेंगांची आमटी मधुमेहींना चालते, पिष्ट कमी असतं. फक्त शेंग चोखून चोथा ताटाच्या कडेला ठेवतो, तेव्हा बराचसा तंतूही तिथेच राहतो.

भाजीला सहसा कुणाचा अटकाव नसतो, पावडर-कॅप्सूलच्या बाबतीत जपावं. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर साखर एकदम 70 च्या खाली उतरण्याचा धोका असतो. घाम फुटतो, हात थरथरतात. मूत्रपिंड कमजोर असेल तर पाल्यातलं पोटॅशियम अंगावर येऊ शकतं. गरोदरपणात झाडाची साल आणि मूळ पोटात घेऊ नये.

घरी ग्लुकोमीटर असेल तर स्वतःपुरतं तपासून बघता येतं. एक दिवस नेहमीचं जेवण, दुसऱ्या दिवशी तेवढ्याच भाकरी आणि सोबत शेवग्याची भाजी. पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी दोन्ही दिवस साखर मोजायची. घरच्या यंत्रात पंधरा टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे होऊ शकतं, म्हणून हा प्रकार तीन-चारदा करावा आणि आकडे वहीत लिहून पुढच्या वेळी डॉक्टरांना दाखवावेत.