फ्लॉपी-विनिमय (विसंगत गृहसंगणकांमधील)

परस्परांशी न जुळणाऱ्या जुन्या गृहसंगणकांवर एकच फ्लॉपी वापरण्याची रीत. फ्लॉपी ड्राइव्हमध्ये बसली म्हणजे ती वाचता येईलच असे नाही. खरा अडसर चुंबकीय लेखनाच्या पद्धतीत असतो.

५¼ इंची फ्लॉपी शुगार्ट कंपनीने १९७६ मध्ये आणली. तिचे माप बारमधल्या कागदी रुमालावरून ठरले ही कथा सर्वत्र आढळते. मात्र ती घडवणाऱ्या अभियंत्यांनीच ती नाकारल्याने तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही.

चकतीवरची माहिती गोल पट्ट्यांत (ट्रॅक) आणि त्यांच्या तुकड्यांत (सेक्टर) लिहिलेली असते. लेखनपद्धती मुख्यतः तीन: एफएम (फ्रीक्वेन्सी मॉड्युलेशन), एमएफएम (तिचीच सुधारित रीत) आणि जीसीआर (ग्रुप कोडेड रेकॉर्डिंग). भारतातील शाळांत १९८४ पासून क्लास या संगणक-साक्षरता प्रकल्पातून आलेला बीबीसी मायक्रो हा ब्रिटिश संगणक मूळ डीएफएसमध्ये (त्याच्या फाइलव्यवस्थेत) एफएम वापरतो (ट्रॅकला २५६ बाइटांचे १० सेक्टर, एका बाजूस ३१ फाइली). बऱ्याच पीसींच्या कंट्रोलरवर (ड्राइव्ह चालवणाऱ्या चिपवर) एफएमची सोयच नसते. कमोडोर कंपनीचा १५४१ हा ड्राइव्ह जीसीआरने लिहितो: बाहेरच्या ट्रॅकवर २१, आतल्यांवर १७, असे ३५ ट्रॅकवर ६८३ सेक्टर. अमिगा संगणकाची ८८० केबीची फ्लॉपी एमएफएमच असते, पण अख्खा ट्रॅक सलग लिहिल्याने पीसीच्या कंट्रोलरला ओळखीच्या सेक्टरखुणा सापडत नाहीत.

म्हणून मधला मार्ग ३½ इंची ७२० केबीचा. डबल डेन्सिटी फ्लॉपी पीसीवरच फॉरमॅट करावी (पीसीच्या डॉस या कार्यप्रणालीत फॉरमॅट आज्ञेला /एफ:७२० जोडून). ती अटारी एसटी हा संगणक थेट वाचतो. अमिगाला क्रॉसडॉस हे सॉफ्टवेअर लागते, जे अमिगाच्या वर्कबेंच या प्रणालीच्या २.१ आवृत्तीपासून सोबतच येते. उलट दिशेने घोळ होतो: टॉस (एसटीची कार्यप्रणाली) १.०४ पूर्वीच्या एसटीने फॉरमॅट केलेल्या फ्लॉपीच्या पहिल्या सेक्टरात डॉसला हवे ते बाइट नसतात, त्यामुळे माहिती शाबूत असूनही पीसी ती नाकारतो. डबल डेन्सिटी फ्लॉपी नसेल तर हाय डेन्सिटी फ्लॉपीच्या ओळखभोकावर चिकटपट्टी लावून ती डबल डेन्सिटी म्हणून वापरता येते, पण त्यावरचे लेखन टिकेल असे धरू नये. ५¼ इंचीत हा उपाय मुळीच करू नये. तिथे दोन्ही प्रकारांच्या चुंबकीय लेपात फारच तफावत आहे.

४० ट्रॅकच्या ५¼ इंची फ्लॉपीवर ८० ट्रॅकच्या ड्राइव्हने लिहिणे हा नेहमीचा फसवा प्रकार. अरुंद हेड सुमारे ०.१६ मिमी पट्टा लिहिते, जुना ट्रॅक सुमारे ०.३३ मिमीचा, कडांना राहिलेला जुना मजकूर ४० ट्रॅकच्या ड्राइव्हच्या हेडखाली नव्यात मिसळतो. कोरी किंवा चुंबकाने पूर्ण पुसलेली फ्लॉपी घेतली की हा प्रश्न उरत नाही.

मूळ फ्लॉपी या संगणकावरून त्या संगणकावर नेण्यापेक्षा तिची फ्लक्स-प्रतिमा (चुंबकीय नोंदींची जशीच्या तशी प्रत) घेणे श्रेयस्कर. ग्रीझवीझल हे यूएसबी उपकरण चुंबकीय बदलांमधील कालांतरेच नोंदवते, त्यामुळे एफएम, एमएफएम, जीसीआर सारे पकडते. प्रत्येक ट्रॅकच्या किमान तीन फेऱ्या घ्याव्यात.

गोव्यात हे अधिकच निकडीचे. मृगापासून चवथीपर्यंत, पुढेही बराच काळ, दमटपणाने चकतीवर बुरशी धरते आणि खाऱ्या हवेने धातूची झाकणी गंजते. झाकणी सरकवून चकती हातानेच पूर्ण फिरवून तिरप्या उजेडात पाहावी. पांढुरके ठिपके वा तंतू दिसले तर ती ड्राइव्हमध्ये घालू नये. बुरशी हेडवर चिकटते आणि पुढच्या निरोगी फ्लॉपीवर चरे पाडते. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापूस ओला करून हलक्या हाताने पुसावे. आतल्या अस्तरालाही बुरशी असल्यास वेष्टन उघडून चकती स्वच्छ वेष्टनात घालावी आणि वाचन त्याच बैठकीत उरकावे. साठवण सिलिका जेलसह घट्ट झाकणाच्या डब्यात.