लेव्हल एडिटरमध्ये स्केलची सोय इतक्या उशिरा का आली?

लेव्हल एडिटरमध्ये, म्हणजे गेमचे टप्पे रचायच्या साधनात, ऑब्जेक्ट सरकवता येतो, बहुतेक वेळा फिरवताही येतो. लहान-मोठा करायची, म्हणजे स्केलची सोय मात्र मागाहून येते, आणि तोवर वापरणारे ती सतत मागत असतात. हा बनवणाऱ्यांचा आळस नाही. स्क्रीनवर आकृती मोठी करून दाखवणं फार पूर्वीच जमलं होतं. अडचण होती ती बाकीच्या गेमची: टक्कर, प्रकाश, फाइल, सगळं एकाच मापावर बेतलेलं.

आयव्हन सदरलँड यांनी 1963 मध्ये एमआयटीत टीएक्स-2 संगणकावर स्केचपॅड बनवलं. त्यात मूळ आकृती एकदा काढायची आणि तिच्या हव्या तितक्या प्रती ठेवायच्या. प्रत्येक प्रतीची जागा, कोन आणि आकार वेगळा ठेवता येई, आणि मूळ आकृती बदलली की सगळ्या प्रती बदलत. आजच्या प्रीफॅबची (एकदा बनवून अनेक ठिकाणी ठेवायच्या साच्याची) कल्पना जवळजवळ तशीच्या तशी तिथे सापडते. त्याच दशकात लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी होमोजिनिअस कोऑर्डिनेट्स (बिंदूच्या आकड्यांना एक जादा आकडा जोडायची पद्धत) संगणकीय चित्रणात आणले, आणि सरकवणं, फिरवणं, स्केल करणं या तिन्ही क्रिया एका 4×4 मॅट्रिक्समध्ये बसल्या. गणिताची बाजू इथे संपली.

गेममध्ये मात्र हे सगळं यायला वेळ लागला. 1983 च्या लोड रनरसोबत आलेल्या एडिटरमध्ये पडद्यावर चौकटी होत्या आणि एका चौकटीत एक वस्तू, त्यामुळे आकाराचा प्रश्नच उद्भवत नव्हता. डूम (1993) मध्ये तो उद्भवू शकला असता. त्याच्या मॅप फाइलमध्ये प्रत्येक राक्षस, प्रत्येक बंदूक 10 बाइट्समध्ये मावते: एक्स, वाय, कोन, प्रकार आणि काही फ्लॅग्ज. स्केल लिहायला जागाच ठेवलेली नाही. इम्प या राक्षसाची त्रिज्या 20 आणि उंची 56, हे आकडे मॅपमध्ये नसून गेमच्या कोडमध्येच पक्के केलेले. पुढे चाहत्यांनी यूडीएमएफ हा मजकुरी फॉरमॅट आणला आणि झेडडूम या चाहत्यांच्या इंजिनाच्या कुळातल्या इंजिनांनी त्यात स्केलची फील्ड्स घातली. पण ते स्केल दिसण्यापुरतंच आहे. इम्प दुप्पट मोठा दिसतो, टक्कर मात्र जुन्याच त्रिज्येने आणि उंचीने मोजली जाते.

क्वेकची (1996) गोष्ट मला सगळ्यात बोलकी वाटते. टक्कर मोजायला खेळाडू आणि राक्षस यांच्याभोवती एक पेटी कल्पलेली असते. चालणाऱ्या पेटीची भिंतीशी टक्कर दर फ्रेमला मोजणं त्या काळच्या मशीनला परवडणारं नव्हतं. म्हणून मॅप कंपाइल करतानाच भिंती पेटीच्या मापाने फुगवून ठेवत, आणि खेळताना पेटीऐवजी फक्त एक बिंदू त्या फुगवलेल्या जगातून नेत. अशा दोन फुगवलेल्या प्रती असत: एक खेळाडूच्या 32×32×56 मापासाठी, दुसरी 64×64×88 मापाच्या मोठ्या राक्षसांसाठी. युक्ती अतिशय सुंदर आणि वेगवान होती, पण तिने मधले सगळे आकार बाद केले. राक्षस दीडपट केला तर त्याच्या मापाची भिंतच तयार नसते. गंमत म्हणजे त्याच मॅप फाइलमध्ये प्रत्येक भिंतीच्या टेक्स्चरला, म्हणजे तिच्यावर चिकटवलेल्या चित्राला, आडवं आणि उभं, अशी दोन स्वतंत्र स्केल मूल्यं आहेत. टेक्स्चरला कुणी धडकत नाही, म्हणून ते हवं तसं ताणता येतं.

भिंती स्वतः ताणायलाही अडचण नव्हती, कारण क्वेकचा ब्रश म्हणजे प्रतलांनी बंद केलेला ठोकळा. प्रतलं सरकवली की आकार बदलतो. बेन मॉरिस यांच्या वर्ल्डक्राफ्टने, म्हणजे पुढे व्हॉल्व्ह कंपनीचा हॅमर झालेल्या एडिटरने, हे काम फार सोपं केलं. ब्रशवर क्लिक केलं की आकार बदलायची हँडल्स, पुन्हा क्लिक केलं की फिरवायची, आणखी एकदा केलं की तिरकं ढकलायची.

हे सगळं सपाट टूडी खिडक्यांमध्ये चाले. थ्रीडी दृश्यात थेट ओढायचं तर माउसला दोनच दिशा आणि जगाला तीन, हा पेच होता. 1986 च्या सुमारास संशोधकांनी त्यावर अक्षाला बांधलेल्या हँडल्सचा मार्ग दाखवला: एक हँडल धरलं की हालचाल त्याच अक्षावर राहते. ऑब्जेक्टवर दिसणारा तीन अक्षांच्या हँडल्सचा लाल-हिरवा-निळा गिझमो त्याच विचारातून आला. माया या थ्रीडी सॉफ्टवेअरमधल्या डब्ल्यू, ई, आर या सरकवणं, फिरवणं, स्केल यांच्या कळा पुढे युनिटी आणि अनरियल या गेम इंजिनांमध्येही तशाच दिसतात, त्यामुळे एक एडिटर शिकलेला हात दुसऱ्यात अडखळत नाही.

गिझमो आला तरी पॅरेंट-चाइल्डचा, म्हणजे एका ऑब्जेक्टच्या आत दुसरा ठेवण्याचा, तिढा सुटला नाही. पॅरेंटला फक्त एक्समध्ये दुप्पट करा आणि त्याच्या आत 45 अंशांत फिरवलेला चौरस ठेवा. चौरसाचे काटकोन जाऊन सुमारे 53 आणि 127 अंश होतात, म्हणजे तो तिरका ताणला जातो. हा ताण जागा, फिरणं आणि स्केल या तिघांत लिहिताच येत नाही. युनिटीत अशा ऑब्जेक्टचं जागतिक माप विचारलं तर 'लॉसीस्केल' मिळतं, जे अशा वेळी अंदाजेच असतं. गोडो या इंजिनात 3×3 मॅट्रिक्स (बेसिस) असल्यामुळे ताण साठवता येतो, पण तिथेही टकरीच्या आकारांना असमान स्केल देऊ नये असाच सल्ला असतो. कारण सरळ आहे: असमान ताणलेला गोल हा गोल राहत नाही, आणि गोलाची टक्कर स्वस्त असते ती एकच त्रिज्या असल्यामुळे. युनिटीचा स्फिअर कोलायडर म्हणून सर्वांत मोठ्या अक्षाचं माप घेतो आणि गोलच राहतो. प्रकाशाचंही असंच: असमान स्केलमध्ये नॉर्मल्स (पृष्ठभाग कुठे तोंड करून आहे ते सांगणाऱ्या दिशा) त्याच मॅट्रिक्सने फिरवले तर उजेड-अंधाराच्या छटा चुकतात, त्यासाठी त्या मॅट्रिक्सचा इन्व्हर्स ट्रान्सपोज लागतो. म्हणून नव्या एडिटरमध्ये आधी तिन्ही अक्षांना एकच आकडा द्यावा आणि प्रत्येक अक्षाचं वेगळं स्केल नंतर आणावं, असं माझं ठाम मत आहे.

खेळाडूंच्या हातात दिलेल्या एडिटरनी वेगवेगळ्या वाटा धरल्या. लिटलबिगप्लॅनेटने (2008) कंट्रोलरच्या स्टिकवरच फिरवणं आणि आकार बदलणं दिलं. सुपर मारिओ मेकरने (2015) शत्रूवर सुपर मशरूम टाकला की तो मोठा होतो, एवढंच ठेवलं. एकच पायरी असल्यामुळे टक्कर, उडी, वाट अडणं हे सगळं आधीच तपासून ठेवता येतं, आणि हा संयम मला फार आवडतो. हेलो 3 च्या फोर्ज या एडिटरमध्ये (2007) स्केल नव्हतंच. खेळाडू ठोकळे एकमेकांत घुसवून मोठ्या भिंती उभ्या करत. हेलो इन्फिनिटच्या फोर्जमध्ये स्केल नोव्हेंबर 2022 मध्ये आलं, आणि जिथे ठोकळ्यांची रांग लावावी लागे तिथे एकच ठोकळा ओढून भागू लागलं.